ॲमंडाचं औषध कुणाच्या हद्दीत

८ सप्टेंबर, सोमवार

फॅक्टरीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून गेलो आणि हात हलवत परत आलो. ॲमंडाचं हॉस्पिटल ज्या अमिरातीत आहे, तिथल्या आरोग्य कार्यालयातल्या बाई फार गोड बोलतात. गोड बोलूनच त्यांनी सांगितलं की तुमच्या मुलीचा व्हिसा उम्म अल कुवैनचा, हॉस्पिटल आमच्या अमिरातीतलं, तेव्हा आमच्या समितीचं ना-हरकत पत्र तुम्हाला मिळणार नाही. मी विचारलं, मग उम्म अल कुवैनमध्ये कोण देईल? त्या म्हणाल्या, तिकडे हे औषध ठेवायची परवानगी असलेलं हॉस्पिटलच नाही. म्हणजे जिथे औषध आहे तिथे मुलगी चालत नाही आणि जिथे मुलगी राहते तिथे औषध नाही. मी हे त्यांना बोलून दाखवलं. "यू आर राइट, सर," त्या म्हणाल्या. आपण बरोबर आहोत हे ऐकून माणसाला इतका संताप येऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

बाहेर येऊन यूएईच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला फोन लावला. तिथला माणूस म्हणतो, कुठल्या पेशंटला द्यायचं ते आम्ही ठरवतो, अमिरात नाही. छान. मग द्या. तर अर्ज हॉस्पिटलकडून यायला हवा. आणि हॉस्पिटल म्हणतं, अमिरातीचं ना-हरकत पत्र जोडल्याशिवाय अर्ज पाठवला तर आमच्या लायसन्सचं काय?

घरी येऊन हे सगळं बायकोला, मरिसाला, तावातावाने सांगत होतो. ती ॲमंडाचे केस विंचरत होती. म्हणाली, "जेरी, मला नको ऐकवूस. कुठेतरी लिहून काढ." म्हणून आजपासून लिहितोय. मराठीत, कारण इंग्रजीत मी दिवसभर फक्त कोटेशन्स मागवतो आणि माफी मागतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

औषधाबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो. ॲमंडा नऊ वर्षांची. तिसऱ्या वर्षापासून तिला फिट्स येतात, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या. आतापर्यंत जी औषधं दिली त्यांनी ती कधी सुस्त झाली, कधी चिडकी, पण फिट्स थांबल्या नाहीत. जूनमध्ये डॉ. एमान म्हणाली की एक सिरप आहे, गांजाच्या झाडातून काढलेलं, नशा न आणणारं, आणि नव्या केंद्रीय नियमानुसार ठरावीक हॉस्पिटलांतून अशा मुलांना देता येतं. डॉ. एमान इजिप्तची, बोलायला तुटक, पण ॲमंडाशी बोलताना खाली वाकून बोलते.

वसईला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, गांजा? फादरना विचारलंस का? मी म्हटलं, आई, इथे फादर सोडून सगळ्यांना विचारून झालंय.

१७ सप्टेंबर, बुधवार

चांगली गोष्टही लिहावी. सुट्टीहून परत आल्यापासून ॲमंडाला एकही फिट नाही. ऑगस्टभर मरिसा तिला घेऊन माहेरी होती, भावाकडे, मेल्विनकडे. मी इथेच, कारण कंपनीची एक मोठी ऑर्डर. गेली तेव्हा पोरगी चालताना भिंत धरायची. आता सोफ्यावरून उड्या मारते. विहिरीचं पाणी मानवलं असणार, आणि मेल्विनच्या बायकोच्या हातचे ताजे मासे. मरिसाला म्हटलं, दर वर्षी जात जा. ती भांडी आवरायला गेली.

गावाहून आल्यापासून ती ॲमंडाच्या केसांना सकाळ-संध्याकाळ तेल लावते. दार लावून. पूर्वी एवढा उत्साह नव्हता.

३० सप्टेंबर, मंगळवार

रिझवान भेटला. हॉस्पिटलची सरकारी कामं तोच बघतो. मूळचा श्रीवर्धनचा, माझ्यापेक्षा लहान, पण सगळी कार्यालयं त्याला तोंडपाठ. त्याने मला चहा पाजून समजावलं. औषध हा केंद्राचा विषय. अमिरातीचं काम हॉस्पिटलवर नजर ठेवण्याचं: कपाटाला कुलूप आहे का, डॉक्टरचं लायसन्स चालू आहे का, हिशोब लागतो का. पेशंट कुठे राहतो ही अट घालायचा अधिकार त्यांना नाहीच.

"मग घालतात कशी?" मी विचारलं.

"कुणी विचारलं नाही म्हणून, जेरार्डभाई. तुम्ही विचारा. लेखी."

लेखी विचारलं. केंद्राला. तुमच्या नियमावर अमिरात आपली अट चढवू शकते का, एवढाच प्रश्न. उत्तर इन्शाल्ला येईल.

६ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर आलं. "आपला प्रश्न संबंधित स्थानिक कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे." ज्यांच्याविरुद्ध विचारलं त्यांच्याकडेच. संध्याकाळी त्या गोड बाईंचा फोन. त्या दुखावल्या होत्या. तुम्ही थेट केंद्राला का लिहिलंत, आम्ही तुम्हाला मदत करतच होतो ना? मी गॅलरीत जाऊन बोललो तरी आवाज चढला असावा. आत आलो तर ॲमंडा म्हणाली, "डॅडी, व्हाय आर यू ऑल्वेज फायटिंग विथ द फोन? आय ॲम फाइन."

"शी इज फाइन," मरिसाही म्हणाली. मी हे कुणासाठी करतोय?

९ ऑक्टोबर, गुरुवार

डॉ. एमानकडे तपासणी. ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढला. तिने तो बराच वेळ पाहिला, जुना शेजारी ठेवून पुन्हा पाहिला. मला वाटलं खूष होईल. तिने विचारलं, काही बदललंत का? मी विहिरीचं पाणी, मासे, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण बघत होती मरिसाकडे. मग मला म्हणाली, ॲमंडाला बाहेर फिश टँक दाखवून आणा. आम्ही मासे बघून परत आलो तर दोघी गप्प. गाडीत विचारलं, काय म्हणाली? मरिसा म्हणे, बायकांच्या गोष्टी. मी नाद सोडला.

२२ ऑक्टोबर, बुधवार

मरिसाला पुन्हा वसईला जायचंय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ॲमंडाला घेऊन, चार दिवसांसाठी. कशाला? तर मेल्विनच्या घराचं काम निघालंय. घराचं काम आणि ही काय सिमेंट कालवणार आहे? शाळेच्या परीक्षा आहेत, केंद्राचं उत्तर कधीही येईल, हॉस्पिटल कधीही बोलावेल. मी नाही म्हटलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी गेले चार महिने जगाशी भांडतोय, आणि जिच्यासाठी भांडतोय तिची आई साधं "काय झालं आज" एवढंही विचारत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

जिंकलो.

सकाळी मेल आला, दुपारी रिझवानने फोन करून खात्री केली. केंद्राने दोन्हीकडे कळवलंय: स्थानिक कार्यालयाने हॉस्पिटलची तपासणी करावी, साठा आणि नोंदी बघाव्यात, पण पेशंटच्या राहण्याची अट, वेगळी समिती, वेगळं ना-हरकत पत्र, यातलं काहीही लावता येणार नाही. माझ्या पत्रातला प्रश्न जवळजवळ शब्दशः उत्तरात होता. फॅक्टरीत सगळ्यांना कुनाफा, इथली मिठाई, वाटला. मॅनेजरला वाटलं मला दुसरी नोकरी लागली.

घरी मरिसाला वाचून दाखवलं. ती रडायला लागली. इतक्या दिवसांनी तिला काहीतरी वाटलं, हे बघून बरं वाटलं.

मग पुढचं वाचलं. अर्जाला दोन गोष्टी जोडायच्या. एक, अलीकडच्या फिटचा व्हिडिओ. दोन, रक्ताची तपासणी, मुलीच्या शरीरात असल्या झाडाचं काहीही आधीपासून नाही याची. दुसरं सोपं आहे. ते कुठून येणार? पण पहिलं? मुलगी बरी असल्याचा पुरावा हवा असता तर ढिगाने दिला असता. मी रिझवानला म्हटलं, म्हणजे औषध मिळण्यासाठी माझी मुलगी आजारी पडायला हवी. तो म्हणाला, "भाई, हे मात्र केंद्राचंच आहे. इथे कुणाशी भांडणार?"

५ नोव्हेंबर, बुधवार

आता डॉक्टर. रक्त उद्याच घ्या म्हटलं, तर डॉ. एमान म्हणते, घाई नाही, डिसेंबरमध्ये बघू. का? तर मुलगी बारीक झालीये. बारीक? सोफ्याची स्प्रिंग तोडलीये तिने. अमिरात नडली, केंद्र नडलं, आता आमचीच डॉक्टर. मी आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "मिस्टर तुस्कानो, प्लीज ट्रस्ट मी," आणि पुढचा पेशंट बोलावला. परत येताना मरिसाला म्हटलं, डॉक्टर बदलू. तिने एकदम माझा दंड धरला. म्हणाली, ह्या डॉक्टरला सोडायचं नाही. कधीच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दार लावून लिहितोय.

शुक्रवारचा अर्धा दिवस. जेवून आम्ही तिघं खाडीवर गेलो. भरती होती. ॲमंडा पाण्यात पाय सोडून बसली होती, आम्ही गाडीजवळ. मी सहज विषय काढला की परीक्षा झाल्यावर ख्रिसमसला सगळेच वसईला जाऊ, आत्ता कशाला.

मरिसा म्हणाली, "मग पुढच्या आठवड्यापासून मी तिला काय देऊ?"

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं, सगळं, ॲमंडाच्या पाठीकडे बघत, एकदाही माझ्याकडे न बघता. ऑगस्टमध्ये मेल्विनने तिला मुंबईत एका डॉक्टरकडे नेलं. तिथे चिठ्ठीवर रीतसर थेंब मिळतात, त्याच झाडाचे. तिसऱ्या आठवड्यात फिट्स थांबल्या. परत यायची तारीख आली. तिने ते केसांच्या तेलाच्या बाटलीत ओतलं आणि हँडबॅगेत घालून घेऊन आली.

एअरपोर्टवर मी बाहेर उभा होतो. ॲमंडासाठी फुगा घेऊन. बॅगा यायला वेळ लागला म्हणून मी मरिसावर वैतागलो होतो. ती मुलीचा हात धरून सामान तपासायच्या त्या पट्ट्यासमोरून, त्या अधिकाऱ्यांसमोरून चालत आली होती. इथे असल्या गोष्टीला माफी नाही. तुरुंग, मग कायमचं देशाबाहेर. आणि ॲमंडाला कुणी बघितलं असतं? हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हटलं असतंस."

"अर्थात म्हटलं असतं."

"म्हणूनच. आणि पकडली गेले असते, तर तुला खरंच काही माहीत नसायला हवं होतं. एकाने तरी तिच्याजवळ राहायला हवं होतं, जेरी."

मी ओरडणार होतो. पण ॲमंडाने वळून हात हलवला आणि मीही हलवला.

८ नोव्हेंबर, शनिवार

डॉ. एमानने त्या दिवशी मरिसाला काहीच विचारलं नव्हतं म्हणे. फक्त म्हणाली होती की मुलीचं केसांचं तेल बदलायचं झालं तर एकदम बंद करू नका, थोडं थोडं कमी करा. आणि मी तिला बदलायला निघालो होतो.

आणखी एक गोष्ट कळली. मी दोन महिने दोन सरकारांची हद्द कुठे संपते ते शोधत होतो, आणि इथे घरात रोज सकाळ-संध्याकाळ काय चाललंय ते मला दिसलं नाही. केसांना तेल म्हणे. बाटली अर्धी रिकामी झाली तरी पोरीचे केस कोरडेच होते.

बाटलीत थोडंच उरलंय. मरिसा अजून म्हणते, एकदाच जाऊन येते, एकदाच. मी म्हटलं, पुन्हा नाही. ती म्हणाली, तुझा कागद येईपर्यंत तिला पडू द्यायचं? मी हो म्हटलं. हे लिहिताना दिसतंय की मी हो म्हटलं. आम्ही जेवलो नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

थेंब कमी करत आणले, आज संपले. मरिसाने बाटली साबणाने धुतली, पुन्हा धुतली, मग आम्ही गाडीने दूर जाऊन ती टाकून आलो. ॲमंडाने विचारलं, "नो ऑइल टुडे?" मरिसा म्हणाली, खलास झालं, बाळा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शाळेतून फोन. लहानशी फिट. मिनिटभर नजर थिजली, हातातली पेन्सिल पडली. टीचरने लगेच कुशीवर झोपवलं. व्हिडिओ कुणी काढला नाही आणि मी, तिचा बाप, आधी तेच विचारलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नाश्त्याला. तिने ऑम्लेटचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि हात तिथेच अडकला. मला त्याच क्षणी कळलं. इतकी वर्षं माझं काम ठरलेलं आहे: मी तिचं डोकं धरतो, कानाशी बोलत राहतो. मरिसा घड्याळ बघते आणि फिट थांबवायचा नाकातला स्प्रे हाताशी ठेवते. मी खुर्ची सरकवून उठलो, तर मरिसा तिला जमिनीवर कुशीवर घेत म्हणाली, "तू नको. फोन घे."

मी घेतला.

स्क्रीनमधून तिला बघितलं. चेहरा नीट दिसायला हवा म्हणून एक पाऊल बाजूला झालो. प्रकाश कमी वाटला म्हणून पडदा उघडला. या गोष्टी मी केल्या. मरिसाने "बस" म्हणत स्प्रे दिला, तेव्हा मी फोन खाली ठेवला. ॲमंडा नंतर दुपारपर्यंत झोपली. आम्ही चर्चमधली मिस चुकवली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

केंद्राच्या समितीकडून उत्तर. व्हिडिओ स्थिर नाही, चित्र हलतंय, शक्य असल्यास दुसरा पाठवावा.

मी ते तीनदा वाचलं. फॅक्टरीच्या टॉयलेटमध्ये जाऊन दार लावून घेतलं. मग रिझवानला फोन केला आणि त्याला जे बोललो ते त्याला बोलायला नको होतं. त्याने ऐकून घेतलं. डॉ. एमानने स्वतः समितीला फोन केला. काय म्हणाली माहीत नाही. संध्याकाळी कळलं, व्हिडिओ स्वीकारला.

१० डिसेंबर, बुधवार

रक्त तपासणीचा निकाल आला. काही सापडलं नाही. आपल्या मुलीच्या शरीरात औषध नाही, हे वाचून मरिसा देवासमोर मेणबत्ती लावायला उठली, आणि मग तिथेच बसून राहिली. या दिवसांत किती फिट्स आल्या ते मी लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. पोरगी पुन्हा भिंत धरून चालते. मरिसा माझ्याशी कामापुरतं बोलते. मी काय केलं असतं तर बरोबर झालं असतं, हे मला कुणी लेखी कळवावं.

१८ डिसेंबर, गुरुवार

मंजुरी आली. त्या अमिरातीच्या गोड बाईंनी अभिनंदनाचा फोन केला. त्या हॉस्पिटलात कपाटाचं कुलूप तपासायला आल्या होत्या. म्हणाल्या, आय वॉज ऑल्वेज ऑन युअर साइड. खरंच असावं. त्यांनाही वरून कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असणार.

पहिला डोस नर्सने सिरिंजने तोंडात दिला. ॲमंडाने चव घेतली, मरिसाकडे पाहिलं. मरिसाने नुसती मान हलवली. ॲमंडा गप्प बसली. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळावं, याचं मला वाईट वाटलं. डॉ. एमान खिडकीतून बाहेरचं पार्किंग बघत होती.

२८ डिसेंबर, रविवार

दहा दिवसांत दोनच फिट्स, त्याही लहान. ख्रिसमसला तिने गोठा सजवला, सगळे उंट एका बाजूला रांगेत. आज मिसहून आल्यावर मी आणि मरिसा स्वयंपाकघरात होतो, ती माझ्या फोनवर गोठ्याचे फोटो बघत होती. बाहेर आलो तर तिच्या हातात तो व्हिडिओ चालू होता.

तिने तो शेवटपर्यंत पाहिला. मी फोन काढून घ्यायला हवा होता, पण पाय उचलला नाही.

"दॅट्स मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "डॅडी, यू वेअर जस्ट स्टँडिंग देअर?"

मरिसा ओले हात पुसत आली, तिच्यासमोर खाली बसली. महिनाभरात ती माझ्याबद्दल कुणापुढे काही बोलली नव्हती.

"मी सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "त्याला तुला धरायचं होतं. मी नको म्हटलं. मला विचार, बाळा, त्याला नको."

ॲमंडाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तोंड अजून फुगलेलंच होतं. "कॅन आय डिलीट इट?"

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो. तीन महिन्यांनी मंजुरीचं रिन्यूअल. अमिरात, केंद्र, हॉस्पिटल, कुणीतरी पुन्हा हे मागणार. आणि मग त्यांना काय देणार.

"कर," मी म्हटलं.

तिने केला. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "फ्रॉम द बिन ऑल्सो." मी तिच्या शेजारी बसलो, तिला दिसेल असा फोन धरला, आणि तिथूनही काढून टाकला.